चावी कोणाच्या हाती?

शहापूर तालुक्यात वर्षाला सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा पावसाळ्याच्या चार महिन्यांतच पडतो. तानसा आणि भातसा ही मोठी धरणे याच तालुक्यात आहेत. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांची उपयुक्त साठवण सुमारे १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर आहे. तीत जवळजवळ निम्मा वाटा एकट्या भातसाचा. तरीही उन्हाळा लागला की तालुक्यातले अनेक पाडे टँकरची वाट पाहतात. 'धरण आमच्याकडे, मग पाणी का नाही?' हा मुलांचा प्रश्न रास्त आहे. त्याचे अर्धे उत्तर विज्ञानात आहे, उरलेले विज्ञानाबाहेर.

पहिले अर्धे पाहू. सह्याद्रीच्या या उतारावर मातीचा थर पातळ आणि खाली बेसाल्टचा कठीण कातळ. कातळात पाणी साठते ते भेगांमध्ये आणि वरच्या झिजलेल्या मुरमात. ही जागा तोकडी असल्याने बराचसा पाऊस ओढ्यांतून वाहून जातो आणि विहिरी उन्हाळ्यात तळ गाठतात. शिवाय धरण दरीत, तर पाडे बहुधा टेकडीवर. तानशाचे पाणी १८९२ साली मुंबईला पोचले ते गुरुत्वाच्या जोरावर. पाड्यावर मात्र ते चढवावे लागते.

हे चढवणे कितीसे अवघड आहे? १००० लिटर पाणी १०० मीटर उंच न्यायला १००० × ९.८ × १०० म्हणजे ९ लाख ८० हजार ज्यूल ऊर्जा लागते. विजेच्या हिशोबात ०.२७ युनिट. पंपात आणि नळात निम्मी ऊर्जा वाया गेली असे धरले, तरी अर्ध्या युनिटाच्या थोडे वर. ग्रामीण योजनांच्या माणशी ५५ लिटर या निकषाने एवढ्या पाण्यात १८ माणसांची एका दिवसाची गरज भागते. आणि भातसाचे पाणी तरी मुंबईला आपोआप कुठे जाते? ते नदीत सोडून पिसे येथे पंपांनीच उचलले जाते. म्हणजे अडचण केवळ गुरुत्वाची नाही.

उरलेले उत्तर मालकी आणि आरक्षण यांत आहे. तानसा मुंबई महापालिकेचे, भातसा राज्य शासनाचे. मुरबाडमधली जमीन बुडवणारे बारवी धरण औद्योगिक विकास महामंडळाचे. मुरबाडच्याच काळू धरणाचे काम वनखात्याच्या मंजुरीआधी सुरू झाले. श्रमिक मुक्ती संघटनेच्या याचिकेवरून मुंबई उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ते थांबवले. शहापूरच्या गावांसाठी मंजूर झालेली एक मोठी योजना तर घाटावरच्या, इगतपुरी तालुक्यातल्या भावली धरणातून उताराने पाणी आणण्याची आहे.

हाच प्रश्न फार कठोर रूपात जॉर्डन नदीच्या पश्चिमेला दिसतो. तिथल्या डोंगरांवर पडणारा पाऊस चुनखडकात मुरतो आणि त्यातला मोठा भाग जमिनीखालून पश्चिमेकडे, इस्रायलच्या सपाटीकडे सरकतो. १९६७ च्या युद्धात इस्रायलने हा प्रदेश व्यापला आणि त्याच वर्षी लष्करी हुकमांनी पाण्याचा कारभार ताब्यात घेतला. नवी विहीर खणायला परवाना आवश्यक झाला. १९९५ च्या करारात दोन्ही बाजूंची संयुक्त समिती आली; पण तिचे निर्णय एकमतानेच व्हायचे असल्याने इस्रायलची संमती लागतच राहिली. शहापूर हा व्याप्त प्रदेश नव्हे; इथली माणसे मतदार आहेत, न्यायालयात जाऊ शकतात. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे: पाऊस कुठे पडतो यावरून पाणी कोणाला मिळेल हे ठरत नाही.

हा विषय वर्गात घेताना आपण तीन आकडे मुलांकडून काढून घेऊ शकतो. नकाशावरील समोच्च रेषांवरून गावाची आणि जवळच्या धरणाच्या पाण्याची उंची; त्या फरकासाठी लागणारी वीज; आणि छपरावरचे पाणी. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. २० चौरस मीटरच्या छपरावर वर्षाला ५० हजार लिटर पडतात. पाच माणसांना १८० दिवस पुरतील इतके. साठवायला टाकी किती मोठी लागेल आणि तिचा खर्च कोणी करायचा, हा पुढचा प्रश्न. आकडे हाती आले की तो ग्रामसभेत नेता येतो.