हाताला पुन्हा काम देणारे शिक्षण



ऐन कापणीच्या दिवसांत घरचा कर्ता माणूस सकाळी उठतो, तो उजवा हात उचलत नाही आणि तोंड एका बाजूला गेलेले. घाईघाईने इस्पितळात नेतात, उपचार होतात आणि जीव वाचतो. काही दिवसांनी माणूस घरी येतो. मग सून त्याला पेज भरवते, मुलगा सदरा घालतो, अंघोळही दुसराच कोणी घालतो. "तुम्ही बसा, आम्ही आहोत ना!" असे सगळे म्हणतात. हे सारे मायेपोटीच चालते. पण सहा महिन्यांनी काय दिसते? जो हात थोडाफार कामाला आला असता, तो वापराविना आखडतो आणि माणूस मनानेही खचतो. पेडण्यात किंवा डिचोलीत असे एखादे घर आपणही पाहिले असेल.

अशा माणसाला त्याचे रोजचे काम पुन्हा करायला शिकवणे हे एक स्वतंत्र शास्त्र आहे. त्याला ऑक्युपेशनल थेरपी किंवा व्यवसायोपचार म्हणतात. यातला 'व्यवसाय' म्हणजे केवळ नोकरीधंदा नव्हे. जेवणे, कपडे घालणे, विळीवर बसणे, झाडांना पाणी घालणे, लहान मुलाने पाटीवर लिहिणे, हे सगळे त्यात येते. फिजिओथेरपी स्नायूंची ताकद आणि सांध्यांची हालचाल वाढवण्यावर भर देते. त्या हालचालीतून माणूस स्वतःचे काम कसे करील, हे व्यवसायोपचार पाहतो. दोघे एकमेकांना पूरक आहेत.

घरी काय करावे

उदाहरणादाखल काही साध्या गोष्टी सांगतो. सदरा घालताना अधू हात आधी बाहीत घालावा आणि काढताना तो शेवटी काढावा. माणसाला उठवताना अधू हात धरून ओढू नये, त्याने खांदा निखळू शकतो. चमच्याच्या दांड्याला कापड गुंडाळून ती जाड केली, तर कमजोर मुठीतही चमचा राहतो. फळीवर दोन खिळे ठोकून त्यात बटाटा रोवला, की एका हाताने चिरता येतो. न्हाणीघरात ओल्या फरशीवर पाय घसरू नये म्हणून भिंतीला कठडा बसवावा आणि बसायला घट्ट खुर्ची ठेवावी. यासाठी मोठा खर्च नाही. पण कोणाला, केव्हा आणि किती काम द्यावे हे ठरवायला शिकलेले माणूस लागते.

हे शिक्षण आपल्याकडे कसे आले

याची सुरुवात मुंबईत झाली. एलिझाबेथ लुंडी या अमेरिकेतील क्वेकर घराण्यातील मुलीने विष्णू निंबकर यांच्याशी लग्न केले आणि १९३० साली ती भारतात आली. त्याच कमलाबाई निंबकर. अमेरिकेत या विषयाचे रीतसर शिक्षण घेऊन त्यांनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराचे पहिले विद्यालय उभे केले. पुढे नागपूरलाही असेच विद्यालय निघाले. १९५२ साली अखिल भारतीय संघटना स्थापन झाली. त्याच वर्षी दहा देशांनी मिळून व्यवसायोपचारकांचा जागतिक महासंघ उभारला. त्या दहांत भारत होता.

त्या काळी पोलिओने अधू झालेली मुले फार असत. आता भारत पोलिओमुक्त आहे. २०१४ साली तसे जाहीर झाले. पण काम कमी झालेले नाही. अर्धांगवायू, रस्त्यावरील अपघात, यंत्रात सापडलेली बोटे, उशिरा चालणारी-बोलणारी मुले, स्वमग्न मुले, मनोरुग्ण आणि एकटे पडलेले वृद्ध, या सर्वांना या शास्त्राचा उपयोग होतो.

शेतकऱ्यांना निंबकर हे नाव आणखी एका कारणाने माहीत असेल. कमलाबाईंचे चिरंजीव बनबिहारी निंबकर यांनी १९६८ साली फलटणला शेती संशोधन संस्था काढली. आईने माणसाच्या हाताचा विचार केला, मुलाने पिकाचा आणि मेंढीचा.

पदवी आणि पुढची पदवी

सुरुवातीला हा पदविकेचा अभ्यासक्रम होता, नंतर त्याची पदवी झाली. तिला बी. ओ. टी. म्हणतात. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हवे. आजवर साधारणपणे चार वर्षे शिक्षण आणि सहा महिने रुग्णालयात प्रत्यक्ष काम अशी मुदत असे. शरीररचना, मज्जासंस्था, हाडांचे विकार, मानसशास्त्र आणि मनोविकार हे विषय असतात. हाताला आधार देणारे साचे बनवण्यासारखी हातांनी करायची कामेही शिकवतात. जागतिक महासंघाच्या नियमाप्रमाणे विद्यार्थ्याने निदान १००० तास प्रत्यक्ष रुग्णांसोबत काम केलेले असावे लागते.

त्यापुढे एम. ओ. टी. ही दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी आहे. तिच्यात मज्जासंस्थेचे विकार, हाडे व हात, बालरुग्ण, मानसिक आरोग्य अशी एखादी शाखा निवडून प्रबंध लिहावा लागतो. आमचा सल्ला असा की, पदवीनंतर एक-दोन वर्षे काम करावे आणि मग शाखा निवडावी. लहान मुलांत आपले मन रमते की वृद्धांत, हे रुग्णांत वावरल्यावरच कळते. शिकवायचे असेल, तर मात्र ही दुसरी पदवी हवीच.

मुंबईत के. ई. एम., नायर आणि शीव या पालिका रुग्णालयांशी जोडलेली विद्यालये आहेत. नागपूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात सोय आहे. ओडिशात कटकजवळ ओलतपूरला केंद्र सरकारची संस्था आहे. तामिळनाडूत वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आहे. कुष्ठरोगाने वाकडी झालेली बोटे शस्त्रक्रियेने सरळ करून त्यांना पुन्हा काम शिकवण्यात वेल्लोरने मोठे नाव मिळवले. गोव्यातील मुलामुलींनी आपली पहिली चौकशी बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात करावी.

पैसे भरण्याआधी

मुलांच्या शिक्षणासाठी आपण दागिने गहाण टाकतो, कधी भाटाचा तुकडाही विकतो. म्हणून सांभाळून पावले टाका. सहा महिन्यांत 'थेरपिस्ट' करून देणारी जाहिरात दिसली, तर दूरच राहा. पदवी कोणते विद्यापीठ देते, ते लेखी विचारा. संस्थेला स्वतःचे किंवा जोडलेले रुग्णालय आहे काय आणि तिथे रुग्ण येतात काय, हे स्वतः जाऊन पाहा. अखिल भारतीय संघटनेची मान्यता आहे काय, तेही विचारा.

२०२१ साली संसदेने आरोग्यसेवेतील अशा सहयोगी व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. देशभर शिक्षण एका दर्जाचे ठेवणे आणि नोंदणी करणे ही त्या आयोगाची कामे आहेत. त्यामुळे प्रवेशपरीक्षा आणि मुदत यांचे नियम त्या-त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतच पाहावेत. महाराष्ट्रात प्रवेश 'नीट' परीक्षेच्या गुणांवर होतो.

परदेशी जाण्याचा बेत असेल, तर तिथले नियम आधीच वाचा. इंग्लंडमध्ये सरकारी नोंदणीशिवाय हे काम करता येत नाही. अमेरिकेत २००७ पासून या व्यवसायात शिरायलाच पदव्युत्तर शिक्षण लागते आणि वर परीक्षाही असते.

हे शिक्षण कोणी घ्यावे? ज्याला धीर आहे त्याने. येथे झटपट गुण येत नाही. एक बटण लावायला शिकवण्यात महिना जातो. शेतकऱ्याच्या मुलाला ही सवय असते. पेरले की उद्याच कणीस येत नाही, हे तो लहानपणापासून पाहतो. शिवाय कोयता कसा धरतात, चिखलात पाय कसा रोवतात, काजूचे बोंड कसे पिळतात, हे त्याला ठाऊक असते. असे काम हातून सुटलेल्या माणसाचे दुःखही त्याला लवकर कळते.

आपल्या धर्मग्रामातून असा एक मुलगा किंवा मुलगी शिकून आली, तर कितीतरी घरांचा फायदा होईल. तोपर्यंत आपण घरच्या आजारी माणसाला एक तरी काम द्यावे. शेंगा सोलू द्या, कोंबड्यांना दाणे टाकू द्या. सांडले तर सांडू द्या.