कडक उत्सर्जन नियमांमुळे ‘चेनसॉ’च्या इंजिनांची विभागणी, लहान करवती बॅटरीकडे, मोठ्या अजून पेट्रोलवरच

नवी दिल्ली : मोटारींच्या धुरावरील निर्बंध गेली अनेक दशके वाढत असताना साखळी करवत म्हणजेच ‘चेनसॉ’सारख्या यंत्रांतील लहान पेट्रोल इंजिनांकडे तुलनेने कमी लक्ष दिले गेले. आता ती स्थिती पालटली आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने अशा बहुतेक नव्या इंजिनांना २०२४ पासून शून्य उत्सर्जनाची अट घातली असून, युरोपीय संघाचे नियमही कडक झाले आहेत. तरीही पेट्रोलवरील करवत लगेच हद्दपार होण्याची चिन्हे नाहीत. तिचे भवितव्य इंजिनाच्या आकारावर अवलंबून राहणार आहे.

धूर इतका का?

करवत आडवी, उभी, प्रसंगी उलटीही धरावी लागते. त्यामुळे तिचे इंजिन हलके आणि कोणत्याही स्थितीत चालणारे असावे लागते. टू-स्ट्रोक इंजिन ही गरज भागवते. त्यात वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. मात्र, जळालेला वायू बाहेर ढकलण्याचे काम ताजे इंधनमिश्रणच करते आणि त्या वेळी धूर बाहेर जाण्याचा मार्ग उघडा असतो. परिणामी जुन्या रचनेच्या इंजिनांत सुमारे पाव भाग इंधन न जळताच निसटते.

हे हायड्रोकार्बन, तेलाचे सूक्ष्म कण आणि कार्बन मोनॉक्साईड कामगाराच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर बाहेर पडतात. शिवाय हायड्रोकार्बन आणि नायट्रोजन ऑक्साईड यांच्यापासून सूर्यप्रकाशात जमिनीलगतचा ओझोन तयार होतो. कॅलिफोर्नियाच्या निर्णयामागे हे प्रमुख कारण होते.

नियम आणि पळवाट

राज्याचे गव्हर्नर गॅविन न्यूसम यांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये संबंधित कायद्यावर स्वाक्षरी केली आणि डिसेंबरमध्ये राज्याच्या हवा संसाधन मंडळाने नियमांना मंजुरी दिली. लोकांकडे असलेली जुनी यंत्रे वापरण्यास मनाई नाही. बंधन नव्या उत्पादनावर आहे. ४५ घनसेंटीमीटर किंवा त्याहून मोठ्या इंजिनाच्या करवती मात्र या अटीतून सुटल्या आहेत. शेती आणि बांधकामासाठी वापरल्या जाणाऱ्या १७५ अश्वशक्तीखालील नव्या इंजिनांचे नियमन करण्याचा अधिकार अमेरिकी कायद्याने राज्यांना दिलेला नाही आणि मोठ्या करवती त्याच वर्गात मोडतात.

युरोपातही आकारानुसार फरक आहे. २०१९ पासून लागू झालेल्या ‘स्टेज पाच’ मानकांनुसार, हातात धरण्याच्या ५० घनसेंटीमीटरखालील इंजिनांना हायड्रोकार्बन आणि नायट्रोजन ऑक्साईड मिळून किलोवॅट-तासाला ५० ग्रॅमची मर्यादा आहे. त्याहून मोठ्या इंजिनांना ती ७२ ग्रॅम आहे.

इंजिनातील सुधारणा

उत्पादकांनी पेट्रोल इंजिन सोडून दिलेले नाही. नव्या रचनेत ताज्या मिश्रणाआधी शुद्ध हवेचा थर सिलिंडरमध्ये सोडला जातो. जळालेल्या वायूबरोबर इंधनाऐवजी हवा बाहेर जाते. धूर घटतो आणि पेट्रोलही वाचते. ‘स्टिल’ या जर्मन कंपनीने २०१९ मध्ये इलेक्ट्रॉनिक इंधन-अंतःक्षेपण असलेली करवत बाजारात आणली. स्वीडनमध्ये बेंझिनसारखी घातक द्रव्ये जवळपास नसलेले ‘अल्किलेट’ पेट्रोल १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून उपलब्ध आहे. मात्र, असे पेट्रोल पंपावरील इंधनापेक्षा महाग असते.

बॅटरीची मर्यादा

छाटणी, बागकाम आणि घरगुती वापरासाठी बॅटरीवरील करवती पुरेशा ठरू लागल्या आहेत. त्यांचा आवाज आणि कंपने कमी असतात, धूर तर नसतोच. अडचण दिवसभराच्या कामात येते. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ किलोवॅट-तास ऊर्जा असते. इंजिनाने त्यातील केवळ पाचवा हिस्सा उपयोगात आणला, तरी पावणेदोन किलोवॅट-तासांच्या आसपास काम होते. करवतीत बसणाऱ्या मोठ्या बॅटरीत मात्र सुमारे एक तृतीयांश किलोवॅट-तास ऊर्जा मावते. म्हणजे एका लिटरच्या जागी पाच-सहा बॅटऱ्या बाळगाव्या लागतात. शिवाय जंगलात त्या पुन्हा चार्ज करण्याची सोय क्वचितच असते.

भारतासाठी धडा

हा प्रश्न भारतात आपत्तीच्या वेळी अधिक टोकदार होतो. जून २०२० मध्ये ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकल्यानंतर राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या पथकांनी यांत्रिक करवतींनी उन्मळलेली झाडे कापून रस्ते मोकळे केले. त्याच काळात अनेक गावांचा वीजपुरवठा खंडित होता. अशा वेळी केवळ बॅटरीवर विसंबणे जोखमीचे ठरते. दुसरीकडे, शहरांतील वृक्षछाटणी ठरलेल्या वेळी, वीज उपलब्ध असलेल्या ठिकाणी आणि दाट वस्तीत होते. बॅटरीवरील यंत्रांचा लाभ तेथे कामगार आणि रहिवासी या दोघांनाही मिळू शकतो. नियम करताना इंजिनाच्या आकाराइतकाच त्याच्या कामाचाही विचार का करावा लागतो, हे यावरून स्पष्ट होते.