सहाध्यायासह संभाषणात्मक कोरियन : उद्दिष्टनिश्चितीचा विचार

परकीय भाषेच्या अभ्यासास आरंभ करताना बहुतेक विद्यार्थी 'बोलता आले पाहिजे' एवढाच संकल्प करतात. दोघे मिळून अभ्यास करू लागले म्हणजे त्यात 'रोज अर्धा तास बोलू' एवढी भर पडते. हा संकल्प प्रामाणिक असला तरी त्याला उद्दिष्ट म्हणता येत नाही. कारण तो पुरा झाला किंवा नाही हे ठरविण्याचे साधन त्यात नाही. एडविन लॉक यांनी १९६८ साली मांडलेल्या उपपत्तीप्रमाणे निश्चित व काहीसे कठीण उद्दिष्ट हे 'होईल तितके करा' या उपदेशाहून अधिक फलदायी ठरते. लॉक व गॅरी लेथम यांच्या पुढील विवेचनात तिला एक महत्त्वाची मर्यादाही घातली गेली : काम नवखे व गुंतागुंतीचे असेल, तर केवळ फलावर दृष्टी ठेवण्यापेक्षा ते करण्याची रीत आत्मसात करण्याचे उद्दिष्ट अधिक उपकारक होते. संभाषण हे अशाच प्रकारचे काम होय.

कोरियनच्या बाबतीत निश्चितता कोठे आणावयाची, हा खरा प्रश्न आहे. शब्दसंख्या ठरविणे सोपे. पण ते पुरेसे नाही. 'कोणाशी बोलावयाचे' हे ठरल्याखेरीज कोरियनमध्ये साधे वाक्यही पुरे होत नाही. मराठीत 'जेवलास का' आणि 'जेवलात का' हा भेद आपण सहज पाळतो, परंतु तेथे वाक्य श्रोत्याविषयीच असते. 'पाऊस पडतो आहे' हे वाक्य मात्र आपण लहान भावाला आणि गुरुजींना एकाच रूपात सांगतो. कोरियनमध्ये तसे नाही. धाकट्या भावास सांगताना 'पीगा वा', दुकानदारास किंवा अल्पपरिचितास 'पीगा वायो', आणि सभेत अथवा वृत्तनिवेदनात 'पीगा ओम्निदा'. विषय पावसाचा, श्रोत्याचा त्यात काहीही संबंध नाही. तरीही क्रियापदाचा अंत श्रोत्याकडे पाहूनच ठरतो. शिवाय ज्याच्याविषयी बोलावयाचे तो आदरणीय असल्यास धातूला 'शी' हा आदरवाचक प्रत्यय लागतो, तो वेगळाच.

सहाध्यायी ही सोय असली तरी त्यातील धोका येथूनच सुरू होतो. समवयस्क मित्र परस्परसंमतीने 'बानमाल' या सलगीच्या बोलीवर येतात, आणि अभ्यासाचे दोन सोबतीही थोड्याच दिवसांत तिच्यावर घसरतात. (कोरियन मालिका पाहून शिकणाऱ्यांचे तर विचारावयासच नको, तेथील नायक-नायिका बराच वेळ याच बोलीत भांडत असतात.) सहा महिने केवळ मित्राशी बोललेला विद्यार्थी कोरियन प्राध्यापकापुढे अथवा एखाद्या कारखान्यातील वरिष्ठापुढे उभा राहिला, की व्याकरणदृष्ट्या निर्दोष वाक्यानेच तो उद्धट ठरतो. म्हणून प्रत्येक बैठकीस भूमिका ठरवून घ्यावी. आरंभी 'यो'कारान्त विनयाची बोली हीच दोघांची सामान्य बोली असावी. बानमाल मागाहून, जाणीवपूर्वक शिकावी.

दुसरा धोका उच्चाराचा. दोघेही मराठी भाषक असले तर एकाची चूक दुसऱ्याच्या कानास चूक वाटतच नाही. कोरियनमध्ये दंत्य स्पर्शाचे तीन प्रकार आहेत : साधा, ताणयुक्त व महाप्राण. या एका भेदाने चंद्र, मुलगी आणि मुखवटा हे तीन शब्द वेगळे होतात. ते आपण ढोबळ मानाने 'दाल', 'त्ताल', 'थाल' असे लिहू. आपला 'त' हा त्यांच्या ताणयुक्त वर्णाच्या जवळचा. साधा वर्ण शब्दारंभी अघोष व किंचित श्वासयुक्त असतो आणि दोन स्वरांमध्ये आला की घोष होतो. शिवाय सोलच्या तरुण पिढीच्या बोलण्यात शब्दारंभीच्या साध्या व महाप्राण वर्णांतील भेद बराचसा स्वराच्या उंचीवरून ओळखला जातो. ही गोष्ट देवनागरी लिप्यंतरात दिसत नाही आणि मराठी सोबत्याच्या कानालाही सहज कळत नाही. तेव्हा निदान महिन्यातून एकदा आपले ध्वनिमुद्रण एखाद्या कोरियन भाषकास ऐकवून, 'मी कोणता शब्द उच्चारला?' एवढेच विचारावे. 'उच्चार बरा आहे का?' असे विचारल्यास सौजन्यापलीकडे काही हाती लागत नाही.

परीक्षेलाच उद्दिष्ट मानावे काय? 'टोपिक' ही कोरियन भाषेची परीक्षा १९९७ पासून घेतली जाते व तिचे सहा स्तर आहेत. परंतु तिच्या मूळ रचनेत श्रवण, वाचन व वरच्या स्तरांना लेखन एवढ्यांचीच कसोटी लागते. बोलण्याची स्वतंत्र परीक्षा २०२२ साली सुरू झाली. स्तर मिळविणे उपयुक्तच. मात्र त्यावरून संभाषण साधले असे अनुमान काढू नये. अमेरिकी परराष्ट्र सेवेच्या प्रशिक्षण संस्थेचा २२०० वर्गतासांचा अंदाजही वारंवार उद्धृत केला जातो. तो इंग्रजी भाषकांसाठी आहे. क्रियापद शेवटी ठेवणाऱ्या आणि नामापुढे प्रत्यय लावणाऱ्या मराठी भाषकास वाक्यरचनेत तरी तितके श्रम पडू नयेत.

एका उद्दिष्टाचा नमुना देतो : 'चार आठवड्यांअखेर, अपरिचित वडील व्यक्तीस दूरध्वनी करून भेटीची वेळ विचारणे, ती पुन्हा उच्चारून निश्चित करणे.' यात आदरवाचक 'शी' येतो, विनयाचा अंत येतो आणि संख्यांचे दुहेरी कोष्टकही येते. कारण तास देशी संख्यांनी व मिनिटे चिनी मूळच्या संख्यांनी मोजतात. तीन वाजून तीन मिनिटे म्हणजे 'से शी साम बून' : एकच तीन, दोन रूपांनी. पहिल्या आठवड्यात केवळ वेळा, दुसऱ्यात विनंती, तिसऱ्यात न समजल्यास पुन्हा विचारणे, चौथ्यात संपूर्ण संभाषण, असे टप्पे पाडावेत. बांडुरा व शुंक यांच्या १९८१ सालच्या प्रयोगात गणितात मागे पडलेल्या मुलांना असे निकटचे टप्पे दूरच्या ध्येयाहून अधिक लाभदायक ठरले होते. मुले आणि गणित यांवरून प्रौढांच्या भाषाभ्यासाविषयी अनुमान काढताना अर्थातच सावधगिरी हवी.

सोबती स्वतः कोरियन असेल व मोबदल्यात आपली भाषा शिकत असेल, तर हिशेब बदलतो. वेळ दोन भाषांत निम्मा वाटला जातो आणि प्रत्येकाचे उद्दिष्ट त्याचे त्यानेच ठरवावे लागते. असा सोबती शिक्षक नसतो. 'असे म्हणत नाहीत' हे तो खात्रीने सांगेल, 'का' ते बहुधा सांगू शकणार नाही. दुरुस्ती बोलण्याच्या ओघातच करावयाची की शेवटी, आणि एका बैठकीत किती, हे पहिल्याच दिवशी ठरवून टाकावे. तसेच दोघांत वयाने वडील कोण हेही विचारून घ्यावे. हा प्रश्न आपल्याकडे आगाऊपणाचा वाटेल. तेथे मात्र त्याच्या उत्तरावाचून एकमेकांस काय म्हणून हाक मारावयाची हेच ठरत नाही.