मुद्दल हललं पाहिजे

अहमदपूरकडे खासगी कर्जाचं व्याज शेकड्यानं सांगतात. तीन रुपये शेकडा म्हणजे वर्षाला 36 टक्के. 20,000 घेतले, तर महिन्याला 600 नुसतं व्याज. माणूस 600 भरत राहतो, मुद्दल तसंच, आणि तिथंच धीर सुटतो. 1,600 भरले, तर पुढच्या महिन्यात मुद्दल 19,000 आणि व्याज 570. हे 30 रुपये किरकोळ नव्हेत. कर्ज हललं याचा तो पहिला पुरावा. म्हणून भिंतीवरच्या कालनिर्णयात हप्त्याच्या चौकोनात भरलेली रक्कम लिहू नका, उरलेलं मुद्दल लिहा. घरातल्या सगळ्यांना दिसू द्या.

हातात पैसा सोयाबीन निघाल्यावर, दसरा-दिवाळीच्या सुमारास येतो. श्रावण-भाद्रपदात हप्ता जेमतेम गेला, तर खचू नये. मोठी रक्कम दिवाळीआधीच बाजूला काढावी.

नियमही माहीत असावेत. वर्षाला 3 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांच्या मायक्रोफायनान्स कर्जासाठी रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत: मुदतीआधी फेडल्यास दंड नाही, वसुलीचा फोन सकाळी 9 च्या आधी किंवा संध्याकाळी 6 नंतर करता येत नाही. विनापरवाना सावकारीची तक्रार तालुक्याच्या सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकांकडे लेखी द्यावी.