दहातला एक कुणाचा?

मंडळी, घरात पुदिन्याची जुडी आहे? दहा काड्या मोजा. त्यातली एक बाजूला काढा. आता शेपूचं तेच करा, मग जिऱ्याचं. झालात तुम्ही दोन हजार वर्षांपूर्वीचे काटेकोर परूशी!

गंमत नाही, खरंच! परूशी, म्हणजे येशूच्या काळातली काही धर्मनिष्ठ मंडळी, पुदिना, शेपू आणि जिरं यांचाही दहावा हिस्सा देवासाठी काढून ठेवायची. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या 23व्या अध्यायात याची नोंद आहे. म्हणजे ज्या शेपूला बघून आपल्याकडची मुलं नाक मुरडतात, तिची थेट बायबलमध्ये एन्ट्री!

आजचा आपला विषय दशांश. गणिताच्या वहीतला टिंबवाला नव्हे, चर्चमधला. कमाईचा दहावा भाग देवाला द्यायचा, ही ती प्रथा. आजच्या ख्रिस्ती माणसाला तो द्यावाच लागतो का? उत्तर येतंय, पण वाटेत एवढा खजिना पडलाय की आधी तो लुटूया.

पहिला दशांश पगारातून नव्हताच!

माहीत आहे का, बायबलमधला पहिला दशांश आला तो लढाईच्या लुटीतून? अब्राहामाचा पुतण्या लोट याला चार राजांनी पकडून नेलं. अब्राहामाने रातोरात छापा घातला, पुतण्याला सोडवलं आणि लूटही परत मिळवली. परतताना शालेमचा राजा आणि याजक मलकीसदेक भाकर आणि द्राक्षारस घेऊन भेटायला आला. अब्राहामाने त्याला दहावा हिस्सा दिला. उरलेल्यातून स्वतःसाठी? वहाणेचा बंदसुद्धा ठेवला नाही! अब्राहामाने दर महिन्याला दशांश दिल्याचा उल्लेख मात्र कुठेच नाही.

पुढे त्याचा नातू याकोब. त्याने चक्क नवस केला. खायला अन्न, अंगावर कपडा आणि सुखरूप घरवापसी एवढं मिळालं, तर मिळालेल्या सगळ्याचा दहावा भाग देईन! नवस म्हणजे काय, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.

कॅश? नो कॅश!

मोशेच्या नियमशास्त्रातला दशांश पैशांचा नव्हता, हे माहीत आहे का? धान्य, द्राक्षारस, तेल, फळं आणि गुरंढोरं यांचा होता. शेतकरी आणि मेंढपाळ देणार. सुताराच्या मजुरीचा, कोळ्याच्या जाळ्यातल्या मासळीचा दशांश त्यात सांगितलेला नाही. आता आठवा, येशू कोण होता? सुतार. आणि त्याचा शिष्य पेत्र? कोळी!

गुरांचा दशांश काढायची पद्धत तर एकदम सिनेमॅटिक. कळप एकेक करून काठीखालून जाणार आणि दहावं जनावर देवाचं. धष्टपुष्ट असो की मरतुकडं, अदलाबदल बंद! मिश्ना या ज्यू ग्रंथात तर पुढचा तपशीलही आहे. गोठ्याचं दार इतकं अरुंद ठेवायचं की दोन जनावरं एकदम बाहेर पडू नयेत आणि दहाव्याच्या अंगावर लाल रंगाची खूण करायची. कळपात नऊच कोकरं असतील तर? दशांश शून्य. राउंडिंग ऑफ नाही!

आपलं धान्य स्वतःकडेच ठेवून त्याऐवजी पैसे द्यायचे असतील, तर किमतीवर आणखी पाचवा हिस्सा भरायचा. म्हणजे थेट 20 टक्के सरचार्ज.

दशांशाची पार्टी

हा नगेट माझा सगळ्यात लाडका. अनुवाद या पुस्तकाचा 14वा अध्याय उघडा. दशांशाचा एक प्रकार देऊन टाकायचाच नव्हता, खायचा होता! सगळ्या कुटुंबाने पवित्रस्थानी जायचं आणि देवासमोर आनंदाने जेवायचं. गाव फार लांब असेल तर माल विकून पैसे गाठीला बांधायचे, तिथे पोचल्यावर मनाला येईल ते विकत घ्यायचं. बैल, मेंढरू, द्राक्षारस, इतकंच काय, कडक मद्यसुद्धा! मात्र गावातल्या लेव्याला, म्हणजे देवाच्या सेवेला वाहिलेल्या वंशातल्या माणसाला, विसरायचं नाही, कारण त्याला जमिनीचा वाटा नव्हता.

आणि दर तिसऱ्या वर्षी? तो दशांश गावातच साठवायचा. त्यावर हक्क कुणाचा? लेव्याचा, परदेशी माणसाचा, अनाथाचा आणि विधवेचा. त्यांनी पोटभर जेवावं, तृप्त व्हावं म्हणून. दशांशावरच्या प्रवचनांत हा अध्याय फार कमी ऐकू येतो आणि मला त्याची मनापासून खंत वाटते. कारण दशांशाचं खरं रूप इथे दिसतं. ते जेवणाचं ताट आहे.

दहा म्हणजे दहाच का? छे!

रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, हिशेबात पहिला दशांश लेव्यांचा. मग उरलेल्यातून दुसरा काढायचा, काही वर्षी यरुशलेमेतल्या जेवणासाठी आणि काही वर्षी गरिबांसाठी. बेरीज करा, साधारण 19 टक्के! सातव्या वर्षी जमीन पडीक, त्यामुळे दशांशाला सुट्टी. लेव्यांना मिळालेल्या दशांशातूनही याजकांसाठी दशांश निघायचा. दशांशाचा दशांश, म्हणजे शतांश!

यरुशलेमेतलं मंदिर इसवी सन 70 मध्ये पडलं. पण इस्रायलमध्ये पिकलेल्या भाजी-फळांतून ज्यूंच्या कोशर या आहारनियमांप्रमाणे एक टक्क्याहून किंचित जास्त भाग आजही विधिपूर्वक बाजूला काढला जातो. तो कुणी खात नाही.

हिलॅरियस दान!

आता नवा करार. प्रेषित पौलाच्या पत्रांत दशांशाचा हुकूम किती वेळा येतो, माहीत आहे का? एकदाही नाही! यरुशलेमेतल्या गरजू बांधवांसाठी पैसे गोळा करताना तो करिंथकरांना काय सांगतो? आठवड्याच्या पहिल्या दिवशी, ज्याला जसं मिळालं असेल त्या मानाने काढून ठेवा. आणि द्या ते मनात ठरवून, कुरकुर न करता, हसतमुखाने. या ‘हसतमुख’साठी मूळ ग्रीकमध्ये शब्द आहे ‘हिलारोस’. इंग्रजीतला ‘हिलॅरियस’ याच घराण्यातला!

मग दशांशाचे समर्थक कुठे बोट ठेवतात? पुन्हा त्याच शेपूच्या जुडीवर. तुम्ही न्याय, दया आणि विश्वास सोडून दिलात, हे करायचं होतं आणि दशांशही सोडायचा नव्हता, अशा अर्थाचं येशू परूश्यांना म्हणाला. मुद्दा वजनदार आहे. पण ऐकणारे कोण? नियमशास्त्राखाली जगणारे ज्यू आणि तेव्हा मंदिर अजून उभं होतं. जेवढ्या ठिकाणी येशू दशांशाबद्दल बोलतो, तेवढ्या ठिकाणी त्याचा रोख आकड्यावर नाही, आकड्याचा तोरा मिरवणाऱ्यावर आहे.

मग सक्ती आली कुठून?

फ्रान्समधून! इसवी सन 585 मध्ये मॅकॉनच्या धर्मसभेने फर्मान काढलं की दशांश द्या, नाहीतर चर्चबाहेर. 779 मध्ये शार्लमेन राजाने त्याला राज्याच्या कायद्याचं बळ दिलं. दानाचा झाला कर. आपल्याकडे मराठेशाहीत सरदेशमुखी वसूल व्हायची, तीही दहा टक्केच. दहाचा मोह राज्यकर्त्यांना सगळीकडेच!

अमेरिकेचं ‘डाइम’ हे दहा सेंटचं नाणं माहीत आहे का? त्याचं नाव फ्रेंच ‘दीम’वरून आलं, म्हणजे दहावा भाग, म्हणजेच दशांश! 1792च्या नाणे कायद्यात स्पेलिंगही जुन्या फ्रेंच वळणाचं होतं. आणि फ्रान्समध्ये? 1789च्या क्रांतीत त्यांनी दीमच मोडीत काढला. नाणं खणखणत राहिलं, कर गडप!

डुक्कर हवं? मग बाळही घ्या!

दशांशाचा फुल ड्रामा बघायचा तर चला इंग्लंडला. गव्हाची दहावी पेंढी, दहावं कोकरू, दुधाचा, अंड्यांचा, मधाचाही दहावा हिस्सा. ठेवायला भलीमोठी कोठारं. ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हनचं चौदाव्या शतकातलं दगडी कोठार आजही उभं आहे. धान्य, गवत आणि लाकूड हा ‘मोठा दशांश’ रेक्टर या मुख्य पाद्र्याला, बाकीचा ‘छोटा दशांश’ त्याच्या जागी काम पाहणाऱ्या व्हिकारला. एकाच चर्चमध्ये दोन खाती!

अठराव्या शतकात डर्बीच्या पोर्सेलिनच्या कारखान्यात एक मूर्तिसमूह बनायचा. पाद्री आलाय दहावं डुकराचं पिल्लू मागायला. शेतकऱ्याची बायको पुढे काय करते? आपलं दहावं तान्हं बाळ! डुक्कर नेताय तर हेही न्या! लोकांना हा प्रसंग इतका आवडला की तो दिवाणखान्यात सजवून ठेवायची फॅशन झाली.

1618 मध्ये जॉन सेल्डन या विद्वानाने दशांशाचा इतिहास लिहिला. चर्चला पुस्तक झोंबलं, त्यावर बंदी आली, सेल्डनला माफी मागावी लागली. क्वेकर पंथाचे लोक तर दशांश नाकारून तुरुंगात गेले.

आयर्लंडमध्ये हसू थांबतं. तिथले गरीब कॅथलिक शेतकरी, आणि दशांश द्यायचा प्रोटेस्टंट चर्चला! स्वतःच्या चर्चला नव्हे, ज्या चर्चची ते पायरीही चढत नव्हते त्याला. 1830च्या दशकात ‘दशांशाचं युद्ध’ पेटलं. गुरं जप्त व्हायची आणि लिलावाला बोली लावायला कुणी पुढे यायचं नाही. 1831 मध्ये कॅरिकशॉकला आणि 1834 मध्ये रॅथकॉरमॅकला माणसं मारली गेली. देवाच्या नावाच्या धान्यासाठी!

इंग्लंडने 1836 मध्ये वस्तूंऐवजी रोख रक्कम ठरवली. तीही गहू, बार्ली आणि ओट यांच्या सात वर्षांच्या सरासरी भावावर. त्या निमित्ताने 11 हजारांहून जास्त नकाशे तयार झाले. शेत अन् शेत, मालक, कूळ, सगळ्यांची नोंद! आज आपल्या पणजोबांचं शेत शोधणारे इंग्रज हेच नकाशे धुंडाळतात.

पण वसुली संपली नाही. 1932 मध्ये सफोकमधल्या एल्मसेट गावी 385 पौंडांच्या दशांशासाठी सुमारे 1200 पौंडांचा माल जप्त झाला. त्यात काय होतं, माहीत आहे का? दुभत्या गायी, धान्याच्या गंजी आणि तान्ह्या बाळाचा पलंग, पांघरुणांसकट. हे सगळं कोरलेलं स्मारक तिथे उभं राहिलं, तेही चर्चच्या समोरच. इंग्लंडमधल्या दशांशाचा शेवटचा अवशेष कायद्यातून पुसला गेला 1977 मध्ये. शोले लागून दोन वर्षं झाली होती!

आज कोण किती देतं?

झटपट फेरफटका. जर्मनीत नोंदणीकृत कॅथलिक आणि प्रोटेस्टंट लोकांकडून चर्च कर कापला जातो. तो उत्पन्नाच्या नव्हे, आयकराच्या 8 किंवा 9 टक्के. नको असेल तर अधिकृतपणे चर्च सोडायचं. मॉर्मन पंथात 1838 पासून दहा टक्क्यांचा नियम पक्का. पूर्ण दशांश देणाऱ्यालाच त्यांच्या टेम्पलचा प्रवेश-परवाना मिळतो. कॅथलिक चर्चच्या कायद्यात चर्चच्या गरजा भागवायचं कर्तव्य आहे, पण दहा टक्क्यांचा आकडा नाही. प्रोटेस्टंट मंडळींत मतं अनेक. कुठे दशांश म्हणजे शिस्त, कुठे आदर्श, कुठे नुसती सुरुवात.

आणि उलटा दशांश माहीत आहे का? माती उपसणारी अजस्र यंत्रं बनवणारा अमेरिकन उद्योजक आर. जी. लेटर्नो 90 टक्के दान करायचा आणि 10 टक्क्यांत जगायचा. त्याच्या यंत्रांप्रमाणे त्याचं दानही जम्बो!

तर उत्तर काय?

स्पष्ट सांगते. नव्या करारात ख्रिस्ती माणसावर दहा टक्क्यांची सक्ती नाही. द्यायचं आहे, भरभरून द्यायचं आहे, पण आपल्या ऐपतीप्रमाणे आणि राजीखुशीने. ज्याचं पोट भरून वर उरतं त्याने दहावर थांबू नये. आणि ज्या घरात महिनाअखेरीला औषधाची चिठ्ठी आणि शाळेची फी यांत निवड करावी लागते, त्या घराला दहा टक्क्यांचा धाक कुणी घालू नये.

धाकासाठी बहुतेक वेळा जुन्या करारातल्या मलाखी या पुस्तकाचा तिसरा अध्याय उघडला जातो. दहावं वचन, दशांश भांडारात आणा. पण त्याच पानावर पाच वचनं मागे काय आहे, माहीत आहे का? मजुराची मजुरी बुडवणारे, विधवेला आणि अनाथाला नाडणारे आणि परदेश्याचा हक्क डावलणारे यांच्याविरुद्ध देवाची साक्ष! दहावं वाचणाऱ्याने पाचवंही वाचावं, दोन्ही एका श्वासात.

येशूने ज्या दानाचं तोंड भरून कौतुक केलं त्याची टक्केवारी काढायची? मंदिराच्या दानपेटीत गरीब विधवेने टाकली दोन लेप्टा, त्या काळची सगळ्यात छोटी तांब्याची नाणी. तिच्याजवळ तेवढंच होतं. टक्के भरले पूर्ण 100!

आपल्याकडे बघा ना!

गोव्यात भाताची पहिली कणसं चर्चमध्ये आशीर्वादासाठी नेतात, ते कोणसाचें फेस्त. रायला 5 ऑगस्टला, ताळगावला 21 ऑगस्टला. मुंबईचे ईस्ट इंडियन ऑक्टोबरात ‘आगेरा’ साजरा करतात, नव्या भाताचाच. मराठी प्रोटेस्टंट चर्चमध्ये हंगामाच्या सणाला ज्वारी, भोपळे, कोंबड्या, अंडी, घरचे लाडू असं काय काय येतं, आणि उपासना संपली की लिलाव! एकेका भोपळ्याला अशी बोली चढते की विचारू नका.

आणि मिझोरम! तिथल्या प्रेस्बिटेरियन बायकांनी 1910 मध्ये ‘बुहफाइ थाम’ सुरू केलं. म्हणजे मूठभर तांदूळ. हातात रोकड नव्हती, पण चूल तर रोज पेटत होती. प्रत्येक जेवणाचा भात शिजत घालण्याआधी त्यातली एक मूठ वेगळ्या भांड्यात टाकायची. मग बायका घरोघरचे तांदूळ गोळा करून विकणार आणि पैसे चर्चच्या कामाला. शंभराहून जास्त वर्षं झाली, ही मूठ अजून सुरू आहे. भांडं वेगळं, तांदूळ तोच, आणि माप प्रत्येक घरात त्या घरच्या बाईच्या हाताएवढं.