इस्ट्रोजेन उपचार आणि पीयूषिका संप्रेरके

इस्ट्रोजेन उपचार म्हणजे रजोनिवृत्तीनंतर शरीरात कमी झालेल्या इस्ट्रोजेनची औषधाद्वारे केलेली भरपाई होय. या उपचारामुळे मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीशी संबंधित संप्रेरकांची रक्तातील पातळी बदलते. त्यामुळे उपचार चालू असताना केलेल्या रक्ततपासणीचा अर्थ वेगळ्या रीतीने लावावा लागतो.

पार्श्वभूमी

अंडाशयांत तयार होणारी इस्ट्रोजेन व इन्हिबिन ही संप्रेरके पीयूषिकेवर अंकुश ठेवतात. अंडाशयांचे कार्य थांबल्यावर हा अंकुश सुटतो आणि एफएसएच व एलएच या संप्रेरकांचे प्रमाण वाढते. एफएसएचमधील वाढ एलएचपेक्षा अधिक असते.

उपचाराचे परिणाम

* एफएसएच व एलएच : दोन्हींचे प्रमाण घटते. मात्र इन्हिबिनची भरपाई होत नसल्याने एफएसएच सहसा रजोनिवृत्तीपूर्व पातळीवर येत नाही. म्हणून औषधाची मात्रा प्रामुख्याने लक्षणांवरून ठरवतात.
* प्रोलॅक्टिन : किंचित वाढू शकते, सामान्यतः ते मर्यादेतच राहते.
* वृद्धी संप्रेरक : तोंडावाटे घेतलेले इस्ट्रोजेन प्रथम यकृतात जाते व तेथील आयजीएफ-1 ची निर्मिती कमी करते. परिणामी वृद्धी संप्रेरक वाढते. त्वचेवरील पट्टीने हा परिणाम फारसा होत नाही.
* टीएसएच : गोळ्यांमुळे थायरॉइड संप्रेरकाला बांधणारे प्रथिन वाढते. थायरॉक्सिन घेणाऱ्या स्त्रियांत त्यामुळे टीएसएच वाढू शकते व थायरॉक्सिनची मात्रा वाढवावी लागते.

महाराष्ट्रातील संदर्भ

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांच्या चौकशीसाठी राज्य शासनाने 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सर्वेक्षणातील सुमारे 82 हजार स्त्रियांपैकी 13 हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांतील अनेकींचे वय चाळिशीच्या आत होते.

गर्भाशय काढल्यावर पाळी थांबते. परंतु अंडाशये शाबूत असल्यास ती कार्यरत राहू शकतात. दोन्ही अंडाशये काढली असल्यास मात्र रजोनिवृत्ती तत्काळ येते आणि हाडे ठिसूळ होण्याचा व हृदयविकाराचा धोका वाढतो. अशा तरुण स्त्रियांना, स्तनाच्या कर्करोगासारखी अडचण नसल्यास, नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत इस्ट्रोजेन देण्याची शिफारस केली जाते. शस्त्रक्रियेची कागदपत्रे उपलब्ध नसताना अंडाशयांच्या स्थितीचा अंदाज घेण्यास एफएसएचची तपासणी उपयोगी पडते. इस्ट्रोजेनमुळे हे प्रमाण घटत असल्याने ती उपचारापूर्वी करणे इष्ट असते.