पद्मिनीचा कार्बोरेटर बदलताना

धाराशिव जिल्ह्यातला ऊस कारखान्यात जातो, त्यापासून इथेनॉल तयार होतं आणि ते पेट्रोलमध्ये मिसळून पंपावर येतं. या इथेनॉलचा त्रास सर्वांत आधी होतो तो जुन्या गाड्यांना. पन्नाशीला टेकलेली प्रीमियर पद्मिनी सकाळी लवकर सुरू होत नाही, येडशीच्या चढाला मिसिंग मारते आणि बंद करून ठेवली की कार्बोरेटरच्या बुडाशी ओल दिसते. मेकॅनिक झाकण काढतो, आत पेट्रोलची पातळी राखणारा फ्लोट हलवून बघतो आणि म्हणतो, "याच्यात आता काही राहिलं नाही, दुसरा बसवू."

हा दुसरा कोणता आणि तो कसा बसवायचा, यावर पुढची दहा वर्षं गाडी रस्त्यावर राहणार की गोठ्याशेजारी उभी राहणार, हे ठरतं.

पद्मिनीशी या भागाचं नातं तसं जवळचं आहे. ती बनवणाऱ्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचे संस्थापक वालचंद हिराचंद शेजारच्या सोलापूरचे. १९४४ साली त्यांनी ही कंपनी काढली, पुढे फियाटशी करार झाला आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून इटालियन ११०० गाड्या बाहेर पडू लागल्या. याच गाडीला १९७४ पासून पद्मिनी हे नाव मिळालं. चार सिलिंडर, १,०८९ सीसी आणि डोक्यावर एकनळी सोलेक्स कार्बोरेटर, एवढा साधा मामला. मुंबईत नोंदलेली शेवटची काळीपिवळी पद्मिनी वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली, तेव्हा वर्तमानपत्रांनी तिला निरोप दिला. खासगी मालकांच्या पद्मिनी मात्र अजून चालतात आणि खरी अडचण त्यांचीच आहे. २००० साली देशभर धुराचे नवे निकष आले, मोटारींत इंधन इंजेक्शन रुळलं. २०२० च्या बीएस-६ नंतर दुचाकींतूनही कार्बोरेटर हद्दपार झाला. सुटे भाग दुर्मीळ झाले, आणि ते लावता येणारे हातही.

कार्बोरेटरचं काम सांगायला सोपं आहे. इंजिन हवा ओढतं. ती हवा नळीच्या अरुंद गळ्यातून जाताना तिचा वेग वाढतो, दाब उतरतो आणि फ्लोटच्या भांड्यातलं पेट्रोल बारीक भोकाच्या जेटमधून वर खेचलं जातं. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. हे प्रमाण मंद चालीत, चढावर आणि अचानक पाय दाबल्यावरही हाताशी राहावं म्हणून मुख्य जेटखेरीज आयडलिंगचा वेगळा जेट, पिकअपसाठी छोटा पंप आणि थंड इंजिनासाठी चोक अशी व्यवस्था असते. यात कुठेही संगणक नाही. सगळा हिशेब पितळेच्या भोकांत कोरलेला असतो.

म्हणूनच जुना कार्बोरेटर फेकण्याआधी तो खरोखर संपलाय का, हे पाहायला हवं. जेटमध्ये कचरा असेल तर साफ होतो, नीडल व्हॉल्व्ह झिजला असेल तर किटमध्ये नवा मिळतो, पॅकिंग बदलता येतं. दुखणं मुळाशी जातं ते थ्रॉटलच्या दांड्यापाशी. पाय दाबला की फिरणारा हा दांडा वर्षानुवर्षं घासून आपलं भोक मोठं करतो. तो बोटांत धरून वरखाली हलवला आणि टिकटिक जाणवली, की तिथून चोरटी हवा आत जाते आहे असं समजावं. मग कितीही स्क्रू फिरवा, आयडलिंग जागेवर राहत नाही. चांगला लेथवाला पितळी बुश घालून यालाही जीवदान देतो. तोही मार्ग नसेल, तेव्हाच बदलीचा विचार योग्य.

जगभर जुन्या गाड्यांचे शौकीन अशा वेळी वेबरकडे वळतात. एदोआर्दो वेबरने १९२३ मध्ये बोलोन्यात सुरू केलेल्या या कंपनीचा ३२/३६ कार्बोरेटर दोन नळ्यांचा आहे: आधी ३२ मिलिमीटरची नळी उघडते आणि पाय आणखी दाबला की ३६ ची. मराठवाड्यातल्या गॅरेजात मात्र हाताशी असतो तो मारुतीचा कार्बोरेटर. तो जपानी मिकुनी घराण्यातला, आणि मिकुनीने फ्रान्सच्या सोलेक्सकडूनच परवाना घेतला होता. म्हणजे पद्मिनीचा मूळ कार्बोरेटर आणि हा पाहुणा दूरचे नातलगच.

तरीही नातं पाहून निवड करू नये, हवा मोजून करावी. पद्मिनीचं इंजिन मिनिटाला ५,००० फेरे घेतं तेव्हा ते २,००० लिटरहून जास्त हवा ओढतं. ७९६ सीसीची मारुती ८०० त्याहून एकपंचमांश तरी कमी ओढते. तिचा कार्बोरेटर पद्मिनीवर बसवला तर गावात, खालच्या फेऱ्यांत गाडी छान उचलते. सोलापूरच्या चौपदरी रस्त्यावर वेग वाढवला की मात्र दम कमी पडतो. उलट गरजेपेक्षा मोठा बसवला तर गळ्यातून हवा सुस्त जाते, पेट्रोल नीट फुटत नाही आणि पिकअप मार खातं. मोठा म्हणजे ताकदवान ही समजूत गॅरेजात फार घट्ट आहे आणि ती गाडीमालकाला महागात पडते.

बसवताना पहिलं काम लेथवर होतं. दोन कार्बोरेटरच्या बोल्टांची भोकं जुळत नाहीत, म्हणून मधे अ‍ॅल्युमिनियमची जाड अडॅप्टर प्लेट लागते. वरच्या नळीचा आकार खालच्या तोंडाशी मिळेपर्यंत तिचं भोक आतून उतरतं घासायचं. पायरी राहिली तर पेट्रोलचे थेंब तिथेच साचतात. ज्यावर कार्बोरेटर बसतो त्या मॅनिफोल्डचं तोंड सपाट आहे का, हे स्टीलची पट्टी आडवी धरून उजेडात बघायचं. प्लेटच्या दोन्ही बाजूंना नवं पॅकिंग घालायचं, नट आलटून पालटून थोडे थोडे आवळायचे. एकाच बाजूने आवळले तर कार्बोरेटरचा पाया वाकतो, आणि तो वाकला की पुन्हा तीच चोरटी हवा. धाराशिवच्या एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. इंजिनाची धग वर चढून पेट्रोलची वाफ होऊ नये म्हणून एक बेकलाइटचा तुकडा मधे घालणं शहाणपणाचं.

नंतर एकेक जोडणी. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर थ्रॉटल खरोखर पूर्ण उघडतो का आणि सोडल्यावर पूर्ण मिटतो का, हे एकाने आत पाय दाबून आणि दुसऱ्याने बाहेर बघून ठरवायचं. अर्धवट मिटणारा थ्रॉटल घाटात जीवावर बेतू शकतो. एअर क्लीनर बसल्यावर बॉनेट लागतं का, तेही तपासायचं. नव्या धाटणीच्या कार्बोरेटरवर व्हॅक्यूमची तीन-चार तोंडं असतात. वापरात नसलेली बंद करावी लागतात. अनेकांवर आयडलिंगचं पेट्रोल तोडणारा छोटा सोलेनॉइड असतो आणि त्याला किल्लीच्या स्विचमधून १२ व्होल्टची वायर द्यावी लागते. ती दिली नाही तर गाडी पाय दिल्यावर पळते आणि सोडला की बंद पडते. या एका विसरलेल्या वायरमुळे कितीतरी चांगले कार्बोरेटर खराब ठरवले गेले आहेत.

आयडलिंगचा स्क्रू फिरवण्याआधी टॅपेट, पॉइंट आणि टायमिंग ठीक करावं. इंजिन गरम झाल्यावर सांध्यांवर क्लीनरचा बारीक फवारा मारतात. फेरे बदलले तर तिथे गळती आहे. गरम इंजिनाजवळचं हे काम आहे, म्हणून आग विझवायचं सिलिंडर शेजारी हवंच.

आता इथेनॉल. २०% मिश्रणाचं पेट्रोल फेब्रुवारी २०२३ मध्ये विक्रीला आलं आणि २०२५ मध्ये देशाने तेवढ्या मिश्रणाची पातळी गाठली. इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असतो, त्यामुळे या मिश्रणाच्या एका किलोला सुमारे १३.५ किलोच हवा पुरते. इंजेक्शनची गाडी सेन्सरवरून स्वतःला सावरते. कार्बोरेटर मात्र जुन्याच मापाने पेट्रोल सोडतो, मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं आणि चढाला अडखळतं. उपाय जेटमध्ये आहे. सोलेक्स आणि वेबरच्या जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. १२० च्या जागी १२५ चा जेट घातला की भोकाचं क्षेत्र सुमारे साडेआठ टक्के वाढतं, आणि कसर जवळजवळ तेवढीच आहे. धाराशिव मात्र समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास, बालाघाटाच्या पठारावर आहे. इथली विरळ हवा मिश्रण तीन-चार टक्क्यांनी घट्ट करते. त्यामुळे मुंबईत जुळवलेला जेट इथे जसाच्या तसा चालेलच असं नाही. घाटात जोर लावून गाडी चालवायची, उतरून प्लग काढायचे आणि त्यांचा रंग पाहायचा: पांढरट म्हणजे पातळ, काजळी म्हणजे घट्ट, फिकट तपकिरी म्हणजे बरोबर. मग पीयूसी केंद्रावर आकडा बघायचा. अशा जुन्या पेट्रोल मोटारींना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३% आहे आणि नीट लावलेली पद्मिनी त्यात सहज बसते.

जुना सोलेक्स मात्र भंगारात घालू नये. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला 'व्हीए' मालिकेचा क्रमांक मिळू शकतो. २०,००० रुपये शुल्क आणि दहा वर्षांची मुदत. अट अशी की गाडी मूळ रूपात असावी, चासी, सांगाडा किंवा इंजिनात मोठे बदल नसावेत. पहिल्या वर्षांतल्या पद्मिनी आता या वयात आल्या आहेत. म्हणून मॅनिफोल्ड कापून किंवा नवी भोकं पाडून कार्बोरेटर बसवणाऱ्या मेकॅनिकला स्पष्ट नाही म्हणावं. अडॅप्टर प्लेट काढली की मूळचा परत बसला पाहिजे. तो साफ करून, तेलाचा हात फिरवून, जेट आणि स्क्रूंसकट डब्यात ठेवावा.

पेट्रोलचे रबरी पाइपही इथेनॉल सोसणारे नवे घालावेत. जुने आतून सुटतात आणि त्यांचे कण थेट नव्या जेटमध्ये जातात. गाडी महिना-दीड महिना उभी राहणार असेल तर टाकीकडून पंपाकडे येणारा पाइप काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावं, म्हणजे फ्लोटचं भांडं रिकामं होतं. इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं, आणि पावसाळ्यात तेच पाणी भांड्याच्या तळाशी पांढरा थर धरतं.